कातडीला रंग विचारू नका

लग्नसराई तोंडावर आली की वरोऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत दोन बाजूंचे बोलणे कानावर पडते. एक बाजू म्हणते, आपल्या आज्या-पणज्या हळद, चंदन, डाळीचे पीठ लावत, रसायन त्यांच्या घरात कधी आले नाही, म्हणून त्यांची कांती म्हातारपणापर्यंत टिकली. आजचे कातडीचे सगळे आजार क्रीमने आणलेत. दुसरी बाजू म्हणते, दिवस बदलले, मेडिकलमध्ये ट्यूब मिळते, पंधरा दिवसांत चेहरा उजळतो, पोरीला चार स्थळे जास्त येतात, यात कुणाचे काय जाते? वरवर पाहता हे दोन पक्ष एकमेकांच्या विरुद्ध उभे आहेत. प्रत्यक्षात दोघेही एकाच गोष्टीवर उभे आहेत, आणि ती गोष्ट दोघांनीही कधी तपासलेली नाही : निरोगी कातडी म्हणजे उजळ, तुकतुकीत, बिनडागी कातडी. हे मला मान्य नाही. वरोऱ्यात राहून तर ते मान्य करणे मला शक्यच नाही.

आधी आजीचा पक्ष घेते, कारण तो मायेने मांडला जातो आणि म्हणून त्याला कुणी उलट प्रश्न विचारत नाही. उटण्याशी माझे भांडण नाही. नागरमोथा, कचोरा, आंबेहळद, मसुरीचे पीठ, गुलाबकळी यांनी मळ निघतो, तेलकटपणा जातो, अंगाला सुवास येतो. दिवाळीच्या पहाटेला तेवढे पुरे आहे. पण ‘झाडपाल्याचे ते निर्धोक’ हा नियम आपल्याच रानात दोन पावलेही चालत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात बिब्याची झाडे आहेत. बिब्याचे तेल अंगाला लागले की तो उततो. कातडी लाल होते, फोड येतात, पाणी सुटते, जखम चिघळते. तरी पायाच्या भेगांत बिबा तापवून भरायचा उपाय गावागावांत अजून चालतो. बिब्यात कारखान्याचे काहीच नाही, आणि तो भाजतो. लिंबाचेही तसेच. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. त्या दिवसांत तोंडाला लिंबू चोळून शेतावर गेलेल्या बाईच्या गालावर लिंबाचा रस उन्हाशी मिळून भाजल्यासारखे चट्टे उठवतो, आणि ते काळे पडले की महिनोन्‌महिने जात नाहीत.

जुन्या काळची सगळी प्रसाधने झाडपाल्याची होती, हेही खरे नाही. शेंदूर हे शिशाचे ऑक्साइड. हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक. प्राचीन इजिप्तच्या डोळ्यांतले काजळ शिशाच्या खनिजापासून होत असे. युरोपातल्या खानदानी बायका काही शतके शिशाची पांढरी भुकटी चेहऱ्याला थापत होत्या. कॉव्हेंट्रीची काउंटेस मारिया गनिंग १७६० मध्ये ऐन तारुण्यात गेली ती या शिशामुळेच, असे तिच्या काळापासून मानले जाते. गोरे दिसण्यासाठी विष लावण्याची रीत क्रीमच्या कंपन्यांनी सुरू केली नाही. त्यांनी ती आयती उचलली. म्हणून ‘रसायन विरुद्ध निसर्ग’ ही वाटणीच मला फसवी वाटते. हळदीतला कर्क्युमिनही रसायनच आहे. विचारायचे ते एवढेच : डबीत काय आहे ते वर लिहिले आहे का, ते कुणी तपासले आहे का, आणि आपण ते कशासाठी लावतो आहोत.

आजीच्या पक्षाचा खरा अन्याय मात्र आणखी खोलवर आहे. ज्यांची कांती टिकली त्या आज्या घरात राहिल्या, नातवंडांनी त्यांच्या सुरकुतल्या हातांचे कौतुक केले. ज्यांच्या अंगावर कुष्ठरोगाचा चट्टा उठला त्यांचे काय झाले? त्या आठवणीतूनच पुसल्या गेल्या. विदर्भातल्या कितीतरी घरांनी त्यांना गावाबाहेर काढले, वेगळे ताट दिले, पुढे नावही घेतले नाही. इंग्रजांनी १८९८ मध्ये कायदाच केला की महारोगी भिकारी दिसला तर त्याला पकडून कोंडता येईल. तो कायदा स्वतंत्र भारतात २०१६ पर्यंत पुस्तकात होता. जोडीदाराला कुष्ठरोग असणे हे घटस्फोटाचे कारण म्हणून आपल्या विवाह कायद्यांत २०१९ पर्यंत नांदत होते. हळदीचा आणि चंदनाचा तो सोन्याचा काळ या माणसांना विचारून ठरवायला हवा होता.

म्हणूनच १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांना कुष्ठधाम काढावे लागले, १९४६ मध्ये अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांना तपोवन उभारावे लागले, आणि वरोऱ्यात मुरलीधर देविदास ऊर्फ बाबा आमटे या वकिलाने आपले आयुष्यच फिरवले. तुळशीराम नावाचा रोगी त्यांना पावसात गटाराच्या कडेला पडलेला दिसला. बोटे झडलेली, अंगात किडे पडलेले. बाबा आधी घाबरून पळाले, आणि त्या पळण्याची लाज वाटून परत फिरले. पुढे त्यांनी कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये या रोगाचे शिक्षण घेतले, तिथे प्रयोगासाठी रोगाचे जंतू स्वतःच्या अंगात टोचून घ्यायला ते तयार झाले. १९५१ मध्ये विनोबांच्या हस्ते आनंदवनाचा आरंभ झाला. तिथल्या माळरानावर रोग्यांनी विहीर खोदली, भाजी पिकवली. ती भाजी वरोऱ्याच्या बाजारात घ्यायला सुरुवातीला कुणी तयार नव्हते. भाजीला डाग नव्हता. पिकवणाऱ्याच्या हाताला होता, आणि लोकांना तेवढे पुरेसे होते. १९६४ मध्ये आनंदवनातच आनंदनिकेतन महाविद्यालय सुरू झाले आणि ज्या घरांनी ती भाजी नाकारली त्याच घरांतली मुले तिथे शिकायला जाऊ लागली. या तालुक्यात कातडीविषयीचे मत असे बदलत आले आहे, आणि ते अर्ध्यावरच थांबले आहे.

अर्ध्यावर का म्हणते ते सांगते. रोगाचे जंतू नॉर्वेच्या हॅन्सनने १८७३ मध्येच दाखवले होते. हा शाप नव्हे, पाप नव्हे, रक्तातून उतरणारा दोष नव्हे. हा जंतूंचा आजार आहे, आणि बहुतेकांच्या अंगात त्याच्याशी लढायची ताकद जन्मजात असते. जंतूंना अंगाचा थंड भाग आवडतो आणि ते कातडीखालच्या मज्जातंतूंत घर करतात. म्हणून सुरुवातीची खूण अगदी साधी असते : फिकट किंवा लालसर चट्टा. खाज नाही. दुखत नाही. आग नाही. त्या जागी घाम येत नाही, लव विरळ होते, आणि स्पर्श कळत नाही.

गावातल्या शिबिरात हा चट्टा कसा तपासतात ते प्रत्येकाने एकदा पाहावे. माणसाला उजेडात बसवतात. बॉलपेनचे टोक आधी डोळे उघडे असताना निरोगी जागेवर हलकेच टेकवतात आणि सांगतात, लागले की तिथे बोट ठेवायचे. मग डोळे मिटायला लावतात. पेन दंडावर टेकते, बोट नेमके तिथे येते. मनगटावर टेकते, बोट तिथे येते. मग पेन चट्ट्याच्या मधोमध टेकते आणि बोट मांडीवरच राहते. माणूस वाट पाहत असतो, तपासणारा पुढे कधी टेकवतो याची. त्याच्या कातडीने त्याला काहीच कळवलेले नसते. दहा रुपयांचे पेन आणि दोन मिनिटे, एवढ्यात जे कळते ते कुठल्याही आरशात दिसत नाही.

आता दुसऱ्या पक्षाला, ‘कुणाचे काय जाते’ म्हणणाऱ्यांना, माझा प्रश्न आहे. ज्या चट्ट्याला ना खाज ना वेदना, त्याची तक्रार माणूस काय म्हणून करणार? रंगाचीच करणार. आणि रंगाची तक्रार घेऊन तो दवाखान्यात का जाईल? तो मेडिकलमध्ये जाईल, पार्लरमध्ये जाईल, डाग घालवायची ट्यूब आणेल. आईला वाटेल शिबे आले, बापाला वाटेल कोड फुटले, आणि लग्नाच्या पोरीच्या घरात तर ही गोष्ट भिंतीबाहेर जाऊ नये म्हणून सगळे गप्प बसतील. त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड असेल तर लालसरपणा दबेल, सगळ्यांना हायसे वाटेल, आणि आत मज्जातंतू झिजत राहील. महिने जातील, वर्ष जाईल. मग एक दिवस करंगळी वाकलेली दिसेल, किंवा चुलीजवळ बसलेल्या बाईच्या बोटाला फोड दिसेल आणि तो कधी आला हे तिला सांगता येणार नाही. रंगाच्या वेडाने जाते ते हे. कोडाबद्दलही सांगायला हवे : कोडाचा डाग दुधासारखा पांढरा असतो, त्यात स्पर्श पूर्ण कळतो, तो कुणाला लागत नाही. त्याला लपवण्याचे कारणच नाही. पण रंगालाच आरोग्य समजणाऱ्या समाजाने दोन्हीला एकाच भीतीत कोंबले आहे.

याहून वाईट गोष्ट तुकतुकीतपणाची. कुष्ठरोगाच्या ज्या प्रकारात जंतू अंगभर पसरतात त्यात चट्टा दिसतही नाही. चेहरा तेलकट, गुळगुळीत, चकचकीत होतो, कानाच्या पाळ्या जाड होतात, भुवयांचे केस बाहेरच्या बाजूने विरळ होतात. कुणी तरी म्हणते, काय तेज आले आहे चेहऱ्यावर! जाहिरातीत जी चकाकी विकतात ती आपल्या जिल्ह्यात रोगाची खूण असू शकते. निरोगी कातडीची ओळख ज्यांनी चकाकीवर ठरवली त्यांनी या माणसाला काय सांगायचे?

आणि औषधाचे काय? १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली : रिफाम्पिसिन, डॅप्सोन, क्लोफाझिमिन. यांनी रोग पूर्ण बरा होतो. यातले क्लोफाझिमिन कातडीला काळपट-तांबूस रंग आणते, ती कोरडी पडते. औषध संपल्यावर काही महिन्यांत, कधी वर्षाहून जास्त काळाने, रंग मूळपदावर येतो. आता कल्पना करा : पंचविशीची बाई, घरात नणंदेच्या लग्नाची बोलणी, आणि रोज ५० मिलिग्रॅमची ही गोळी. ती बरी होते आहे, तिचे हात वाचत आहेत, आणि घरातले प्रत्येक माणूस म्हणते आहे, काय काळी पडलीस तू! ती गोळी थांबवते. कुणी तिला गुन्हेगार ठरवू नका. ज्या घराने तिच्या हातांपेक्षा तिच्या रंगाची चौकशी जास्त केली, त्या घराने तिचे औषध तोडले. उजळपणाचे प्रेम निरुपद्रवी आहे असे म्हणणाऱ्यांनी या बाईसमोर बसून ते एकदा म्हणून दाखवावे.

‘पण कुष्ठरोग तर संपला,’ असे शिकलेली माणसेही मला ऐकवतात. डिसेंबर २००५ मध्ये देशाने जाहीर केले की रोगाचे प्रमाण दर दहा हजारांत एकाच्या खाली आले. तो टप्पा खरा होता. त्यातून ‘संपला’ हा अर्थ लोकांनी काढला आणि आपण तपासायचे सोडले. आजही भारतात वर्षाला सुमारे १ लाख नवे रुग्ण सापडतात, जगातल्या निम्म्याहून जास्त, आणि महाराष्ट्रात हा भार ज्या भागांवर जास्त आहे त्यांत चंद्रपूर आणि गडचिरोली आहेत. जंतू अंगात शिरल्यापासून चट्टा दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षे जातात, कधी वीसही. आज लहान मुलाच्या पाठीवर चट्टा दिसला तर त्याचा अर्थ जवळच कुणी तरी मोठे माणूस उपचाराविना फिरते आहे. अशा माणसाला शोधायला लाज नडते, आणि लाजेचे मूळ पुन्हा रंगात.

ट्यूबच्या अपायाबद्दल फार लांबवत नाही, कारण तो आता कुणी नाकारत नाही. फक्त थांबवत नाही. बेटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल ही स्टेरॉइडे चेहऱ्यावर महिनोन्‌महिने लावली की कातडी पातळ होते, लाल रेषा दिसू लागतात, पुरळ उठते, ऊन सोसत नाही, आणि ट्यूब थांबवली की आग होते म्हणून बाई पुन्हा तीच ट्यूब आणते. नायट्यावर हीच लावली तर नायटा दिसेनासा होऊन पसरतो. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ स्टेरॉइडे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची सवलत काढून टाकली. तरी काउंटरवर ‘गोरे व्हायची ट्यूब द्या’ म्हटले की चिठ्ठी विचारली जात नाही, असेच चित्र फार ठिकाणी आहे. पाऱ्याचे तर आणखी भयानक. पारा कातडीला रंग बनवू देत नाही म्हणून उजळपणा येतो, आणि तोच पारा अंगात मुरून मूत्रपिंड खराब करतो. अकोल्यातल्या एका घरातल्या तीन बायकांची मूत्रपिंडे अशी दुखावली आणि त्यांच्या क्रीमची तपासणी मुंबईच्या केईएम रुग्णालयात झाली तेव्हा पारा सापडला, ही २०२३ मधली बातमी आहे, परदेशातली नव्हे. नियमाने चेहऱ्याच्या क्रीममध्ये दहा लाखांत एका भागापेक्षा जास्त पारा, तोही नकळत आलेला, चालत नाही.

इथे आजीचा पक्ष म्हणेल, बघा, आम्ही सांगत होतो, रसायन वाईट. नाही. कुष्ठरोगात कधी कधी अचानक मज्जातंतूला सूज येते, हात एका आठवड्यात लुळा पडू शकतो. तेव्हा डॉक्टर स्टेरॉइडच्याच गोळ्या देतात आणि हात वाचतो. औषध तेच. एका ठिकाणी ते हात वाचवण्यासाठी मोजून दिले जाते, दुसऱ्या ठिकाणी रंग बदलण्यासाठी न मोजता चोळले जाते. दोष रेणूचा नाही, हेतूचा आहे.

हेतूचा बाजार कुणी मांडला तेही उघड आहे. ‘फेअर अँड लव्हली’ १९७५ मध्ये भारतात आली. २०२० मध्ये तिच्या नावातला गोरेपणा काढून ‘ग्लो’ आणला गेला. नाव बदलले, स्थळे शोधणाऱ्यांचे प्रश्न बदलले नाहीत. बायोडेटात अजून ‘रंग : निमगोरा’ असा रकाना असतो, आणि तो मुलीच्याच बायोडेटात असतो. जादूटोण्याच्या औषधांच्या जाहिरातींवर बंदी घालणाऱ्या १९५४ च्या कायद्याच्या यादीत कुष्ठरोग आणि कोड आधीपासून आहेत. २०२० च्या मसुद्यात गोरेपणाही त्यात घालायचे ठरले होते. तो मसुदा कायदा व्हायला हवा, हे माझे स्पष्ट मत आहे.

मी नटण्याच्या विरुद्ध आहे असे कुणी समजू नये. गोंड आणि माडिया बायकांचे गोंदण पाहा. हातावर, कपाळावर, पोटरीवर काढलेले ते ठिपके आणि रेषा सावळ्या कातडीवरच उठून दिसतात. तिथे कातडी बदलायची नसते, तिच्यावर लिहायचे असते. सुई प्रत्येकीला नवी हवी, एवढेच मी त्यात घालीन. कुंकू लावा, मेंदी काढा, पण टिकलीच्या गोंदाने कपाळावर पांढरा डाग पडू लागला तर टिकली थांबवा, त्यावर मोठी टिकली लावून झाकू नका. काळ्या मेंदीत केस रंगवायचे रसायन मिसळलेले असते आणि त्याने फोड येतात, म्हणून ती हातावर नको.

आणि कातडीची खरी निगा पाहायची असेल तर आनंदवनासारख्या ठिकाणी बधिर पावलांची निगा कशी शिकवतात ते पाहा. रोग बरा झाला तरी गेलेली संवेदना परत येतेच असे नाही. घाम नाही म्हणून पाऊल कोरडे, कोरडे म्हणून भेगा, भेग दुखत नाही म्हणून चालणे चालू, आणि त्यातून हाडापर्यंत जाणारी जखम. उपाय असा : साध्या पाण्यात पाय वीसेक मिनिटे बुडवून बसायचे. पाणी गरम आहे का ते पायाने नव्हे, ज्याची संवेदना शाबूत आहे त्या माणसाच्या हाताने पाहायचे. मऊ झालेली जाड कातडी खरबरीत दगडाने हळू घासायची. पाय पुसायच्या आधीच, ओलेपणीच, खोबरेल किंवा व्हॅसलीन लावायचे म्हणजे पाणी आत राहते. मग तळवा उजेडात धरून बोटांच्या बेचक्यांत पाहायचे, कुठे काटा, कुठे फोड, कुठे लाली. शेवटी मऊ रबराची, एमसीआरची चप्पल. रोज. आयुष्यभर. या विधीत कुठेही रंगाचा प्रश्न येत नाही, आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या कातडीच्या काळजीचा यापेक्षा चांगला धडा मला माहीत नाही. बिबा भरायची जागा तर या पायांत मुळीच नाही, कारण तिथे तो भाजला तरी कळणार नाही.

ज्यांची संवेदना शाबूत आहे त्यांनाही यातले बरेच लागू आहे. रोवणीत दिवसभर चिखलात उभ्या राहणाऱ्या बायकांच्या बोटांत चिखल्या होतात; संध्याकाळी पाय धुऊन बेचके कोरडे पुसणे आणि दवाखान्यातले बुरशीचे साधे मलम यांनी त्या बऱ्या होतात. उन्हाळ्यात शेतावर, कोळशाच्या खाणीवर, रस्त्याच्या कामावर जाणाऱ्याला दुपट्टा, भर बाह्यांचा सदरा आणि सावलीची सुटी हवी. थंडीत आंघोळीनंतर ओल्या अंगावर तेल. मोहाच्या टोळीचे, म्हणजे बियांचे, असेल तर तेही चालेल. स्वस्तातले, रोजचे, कंटाळवाणे काम आहे हे. ते केल्याने कुणी गोरे होत नाही.

वाचकांना माझी विनंती आहे. येत्या रविवारी घरातल्या सगळ्यांची पाठ, दंड, मांड्या उजेडात पाहा. मुलांची आधी, आणि जिथे स्वतःला दिसत नाही ती जागा दुसऱ्याला दाखवा. फिकट किंवा लालसर चट्टा दिसला तर त्यावर काहीही लावू नका. डोळे मिटायला सांगून पेनचे टोक टेकवा. कळले नाही, किंवा शंका आली, तर आशाताईंना सांगा, प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते, रोगाच्या प्रकारानुसार ६ किंवा १२ महिने घ्यायचे असते, आणि सुरू केल्यावर थोड्याच दिवसांत रुग्णाकडून दुसऱ्याला लागण होण्याची भीती जवळजवळ उरत नाही. त्याला घराबाहेर ठेवायची गरज नाही, वेगळ्या ताटाचीही नाही.